दिसला नाही, म्हणजे नाही?



मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. आपल्याला जे कळतं ते कोणत्या वाटेनं कळतं, याची ही आपल्या दर्शनांनी केलेली मांडणी. त्यानंतर काही जणांनी लिहून विचारलं, की हे सगळं घट, पट, धूर आणि डोंगर यांच्या पलीकडे कधी जातं का? प्रश्न रास्त आहे. आम्ही चाळीसेक वर्षं हाच विषय शिकवला, आणि वर्गातल्या त्या घटाचा आम्हालाही कंटाळा आलेला आहे. म्हणून आज तो बाजूला ठेवू. आज आपण एका रस्त्यावर जाऊ, पक्षी बघायला.

पुण्याहून सासवड, जेजुरी करत मोरगावला गेलात की तिथून पुढं सुपे लागतं. मोरगावपर्यंत गर्दी असते, अष्टविनायकांतला पहिला गणपती तिथला. सुप्याच्या आसपास मुख्य रस्ता सोडून वाड्या-वस्त्यांकडे जाणारे अरुंद डांबरी रस्ते आहेत. आम्ही म्हणतो तो यांच्यापैकी एक. सकाळी तासाभरात दुधाचे कॅन लावलेल्या दोन मोटरसायकली, एखादा ट्रॅक्टर आणि मेंढरांचा एक कळप, एवढीच रहदारी. हा सगळा पर्जन्यछायेतला जिरायत टापू. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि इथवर नुसती सावली येते. एका बाजूला ज्वारी-हरभऱ्याची शेतं, दुसऱ्या बाजूला माळ. माळावर पवन्या, मारवेल, कुसळी, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. आमचा रस्ता त्याच्या बाहेरचा आहे. त्याला कसलंही संरक्षण नाही, कसली पाटीही नाही.

असा रस्ता पक्षी बघायला फार चांगला असतो, याची कारणं साधी आहेत. रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा जातात. माळावर उंच झाड नाही, त्यामुळे उंचावर बसून खाली किडा-सरडा हेरणाऱ्या सगळ्यांना तार म्हणजे आयती माडी. कोतवाल, वेडा राघू, खाटीक, नीलपंख, कापशी घार, झालंच तर तारवाली भिंगरी. दुसरं, दोन अधिवास रस्त्यावर एकमेकांना भेटतात, शेत आणि माळ. शेतातला पक्षी डावीकडे, माळावरचा उजवीकडे. तिसरं असं, की थांबलेल्या गाडीला पक्षी फारसे बुजत नाहीत, गाडीतून उतरलेल्या माणसाला बुजतात. काच खाली करून, इंजिन बंद करून बसून राहिलात तर खाटीक पंधरा फुटांवरच्या बाभळीवर येऊन बसतो. त्याला खाटीक का म्हणतात तेही कधी दिसून जातं. पकडलेला नाकतोडा तो काट्याला अडकवून ठेवतो, खाटकाच्या दुकानात आकड्याला मांस टांगावं तसा.

आता पहिला मुद्दा. पक्षी ओळखणं म्हणजे नेमकं काय करणं?

न्यायदर्शनात उपमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. गावातल्या माणसानं गवय, म्हणजे रानगवा जातीचं जनावर, कधी पाहिलेलं नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढं तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर बघतो, आणि त्याला कळतं: हाच तो गवय. नैयायिक म्हणतात, इथं जे नवीन ज्ञान झालं ते त्या जनावराचं नव्हे, ते तर डोळ्यांना दिसतच होतं. नवीन कळलं ते नाव आणि वस्तू यांचं नातं. संज्ञासंज्ञिसंबंध. आमच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेहमी बाळबोध वाटायचं. पण पक्ष्यांचं कुठलंही पुस्तक उघडा. सलीम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली आलं. त्यात प्रत्येक पक्ष्याचं माप कसं दिलंय? चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेपेक्षा थोडा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. म्हणजे ओळखीचा पक्षी हाताशी धरून अनोळखी पक्ष्याकडे जायचं. गवय गाईसारखा, दुसरं काय!

नावाचं नातं एकदा जुळलं की मग पाहणंच बदलतं. नीलपंख तारेवर बसलेला असताना बराचसा मळकट तपकिरी दिसतो. ज्याला तो माहीत नाही त्याला वाटतं, असेल काहीतरी. तो उडाला की पंखांत दोन निळ्या पट्ट्या उघडतात, आणि नवखा माणूस ओरडतोच. एकदा ते उघडलेले पंख पाहिले, की पुढच्या वेळी तारेवर बसलेल्या त्या मळकट पक्ष्यातही आपल्याला निळा दिसायला लागतो. डोळे तेच. निर्विकल्पक आणि सविकल्पक प्रत्यक्ष, नुसतं दिसणं आणि ‘अमुक’ म्हणून दिसणं, हा भेद समजावायला आम्ही पूर्वी फळ्यावर आकृत्या काढायचो. त्यापेक्षा मुलांना एकदा या रस्त्यावर आणलेलं बरं.

कानाचंही तसंच. पावशा ओरडतो तेव्हा मराठी शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. तोच आवाज इंग्रज साहेबाला ‘ब्रेन फीवर’ असा ऐकू आला. उन्हाळ्यात डोकं तापलेलं असेल बिचाऱ्याचं! पक्षी दोघांनाही काही सांगत नव्हता, तो आपल्या मादीला साद घालत होता.

शब्दप्रमाणाबद्दल एकच गोष्ट सांगतो आणि पुढं जातो. हल्ली फोनवर आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारी अॅप आली आहेत. चांगली आहेत, आम्हीही वापरतो. पण शब्द हे प्रमाण केव्हा? तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो. अॅप नाव सुचवतं. त्यानं तो पक्षी कधी पाहिलेला नाही. सुचवलेलं नाव घेऊन पक्षी डोळ्यांनी शोधावा, एवढाच त्याचा उपयोग. उलट या रस्त्यावर आम्हाला भेटलेला एक धनगर खरा आप्त. आम्ही पाखुर्ड्या शोधत माळभर फिरतोय हे त्यानं काही वेळ पाहिलं आणि म्हणाला, “गुरुजी, असं हिंडून काय हुतंय? पानी कुटं हाय त्ये बघा आन् गप बसा. नवाच्या टायमाला येत्यात.” माळावर एका खड्ड्यात पाणी होतं. नऊ वाजून गेले आणि आठ-दहा पाखुर्ड्या आल्या, काठावर उतरल्या, घाईघाईनं प्यायल्या आणि गेल्या. कोरडं बी खाणारा हा पक्षी. पाणी त्याला रोज लागतं, आणि सकाळी तो साधारण ठरल्या वेळी पाण्यावर येतो. या कुळातला नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांपर्यंत पाणी नेतो. म्हातारा हे सगळं जाणून होता, एरवी कुणी त्याला विचारत नाही इतकंच.

आणि आता आजचा खरा विषय. तो धनगर भेटला नसता तर त्या दिवशी आम्ही वहीत काय लिहिलं असतं? ‘पाखुर्डी: नाही.’ आणि पाखुर्ड्या तर होत्या. मग ‘दिसला नाही’ यावरून ‘नाही’ कधी म्हणता येतं?

हा प्रश्न आपल्याकडे फार खोलात जाऊन चर्चिला गेला आहे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी मांडलं, की अभावाचं ज्ञान होतं आणि ते देणारं प्रमाण वेगळं आहे: अनुपलब्धी. जमिनीवर घट नाही (आलाच बघा पुन्हा घट) हे मला कशानं कळलं? डोळ्यांनी तर मला नुसती जमीन दिसते. ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसेल? म्हणून न मिळणं हेच तिथं प्रमाण. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, रिकामी जमीन दिसते तेव्हा तिचं विशेषण म्हणून घटाचा अभावही प्रत्यक्षच दिसतो. प्रभाकरांचे अनुयायी म्हणाले, अभाव नावाची वेगळी गोष्टच नाही, नुसती जमीन आहे. शतकानुशतकं हे भांडण चाललं. पण भांडताना जवळजवळ सगळ्यांनी एक अट मान्य केली, आणि आमच्या मते त्या सगळ्या वादातला तो सोन्याचा कण आहे. अट अशी: न दिसणं हे ज्ञान ठरायचं असेल तर ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. दिवा लावा, मग बोला. बौद्ध तर्कज्ञ धर्मकीर्तीनं आणखी एक उदाहरण पुढं केलं: पिशाच. जे मुळात दिसण्याजोगंच नाही, ते दिसलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. असेलही, नसेलही.

ही अट घेऊन माळावर चला. माळढोक घ्या. मीटरभर उंचीचा, नर दहा-पंधरा किलोंपर्यंत भरणारा पक्षी, उघड्या माळावर चालणारा. तो असता तर दिसला असता. सपाट माळ चांगल्या उजेडात दुर्बिणीनं धुंडाळला, चार-सहा वेळा धुंडाळला, आणि माळढोक दिसला नाही, तर ‘नाही’ या शब्दाला वजन आहे. आता लावा घ्या. मुठीएवढा पक्षी, गवतात दबून बसतो, पायाखाली आल्याशिवाय उडत नाही. शंभर लावे असलेल्या माळावरून तुम्ही एकही न बघता घरी जाल. तिथं ‘दिसला नाही’ याला काही अर्थ नाही. आणि रातवा! वाळक्या पानांच्या रंगाचा, दिवसभर जमिनीवर डोळे मिटून बसलेला. दिवसा तो धर्मकीर्तीचा पिशाच. संध्याकाळी अंधार पडता पडता तोच रस्त्यावर येऊन बसतो आणि गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे लाल चमकतात. पिशाच पाच मिनिटांत घट होतो. म्हणजे योग्यता ही नुसती वस्तूत नसते. ती वेळेत असते, उजेडात असते, ऋतूत असते. भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून ऑक्टोबरच्या सुमारास इथं उतरतात आणि उन्हाळा लागता परत जातात. मे महिन्यात भोवत्या दिसला नाही, ही काही बातमी नव्हे.

ती बघणाऱ्यातही असते, हे विसरता कामा नये. आम्ही आता सत्तरीच्या पुढं आहोत. या वयात उंच पट्टीतले बारीक आवाज कानांना लागेनासे होतात, ही साधी शरीराची गोष्ट आहे. आमच्याबरोबर कधी नात येते. ती थांबते, बोट वर करते, “आजोबा, तिकडं ऐका, तिरचिमणी.” आम्हाला वारा ऐकू येतो. टिटवी ऐकू येते, मोर येतो, तित्तर येतो. गवतातून उठणारी ती बारीक चिर्र आमच्यापुरती जगातून गेलेली आहे. आम्ही एकटे असलो तर वहीच्या वरच्या कोपऱ्यात तसं लिहून ठेवतो: ‘निरीक्षक एकच, कान जुने.’ पुढं कुणी वही वाचली तर आमच्या ‘नाही’ला किती किंमत द्यायची हे त्याला कळावं.

कुणी म्हणेल, हा सगळा शब्दच्छल झाला. तसं नाही. चिमणीचं उदाहरण घ्या. ‘चिमण्या नाहीशा झाल्या’ हे वाक्य गेली वीसेक वर्षं आपण सगळे ऐकत आहोत. कुणाला नाही दिसल्या? शहरातल्या माणसाला, त्याच्या खिडकीत. देशभरच्या हौशी निरीक्षकांच्या याद्या एकत्र करून २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. त्यात दिसलं, की मोठ्या शहरांत चिमणी घटली हे खरं, पण देशपातळीवर गेल्या पंचवीसेक वर्षांत तिची संख्या साधारण टिकून आहे. आमच्या रस्त्यावरच्या वस्त्यांवर तर पत्र्याखाली, तुळईवर, कडब्याच्या गंजीवर चिमण्याच चिमण्या. खिडकीतला अभाव खरा होता, तो देशभर पसरवला तिथं गफलत झाली.

आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं तो आपला नीलपंख. २०२३ साली त्याच अहवालाची पुढची आवृत्ती आली. तीस हजारांवर निरीक्षक, तीन कोटींच्या आसपास नोंदी, ९४२ जातींचा आढावा. त्यात झपाट्यानं घटणाऱ्या पक्ष्यांत नीलपंख निघाला. जागतिक लाल यादीतल्या त्याच्या स्थानाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस त्यात आहे. सर्वसाधारण म्हणून ज्याच्याकडे आपण बघायचं सोडून दिलं होतं, तोच. अलीकडच्या हिवाळ्यांत या रस्त्यावर आम्हालाही ‘नीलपंख: नाही’ असं पूर्वीपेक्षा जास्त वेळा लिहावं लागतं. एका रस्त्यावरून आम्ही काही सिद्ध करू म्हणत नाही. तीस हजार रस्ते एकत्र आले की मात्र बोलता येतं.

पण कसं? इथं एक गंमत आहे. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करणारी ई-बर्ड नावाची व्यवस्था आहे, २००२ साली अमेरिकेत सुरू झालेली. तुम्ही यादी भरली की ती शेवटी एक प्रश्न विचारते. तुम्हाला ओळखता आले ते सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? हो किंवा नाही. बहुतेक लोक तो प्रश्न न वाचताच पुढं जात असावेत. आमच्या मते तो प्रश्न कुमारिल भट्टांनी विचारलेला आहे. समजा, एखाद्यानं यादीत नुसता भोवत्या आणि धाविक लिहिला, कारण तेवढेच त्याला भारी वाटले. आता यादीत कावळा नाही. म्हणजे त्या सकाळी कावळा नव्हता, की लिहायचा कंटाळा केला? कळायला मार्ग नाही. पण ज्यानं ‘हो, सगळे लिहिले’ असं म्हटलं, त्याच्या यादीत नीलपंख नसणं हे बोलकं आहे. त्याची सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, चाललेलं अंतर हेही नोंदवलेलं असतं. दिवा लावलेला आहे. अशा हजारो याद्यांपैकी किती याद्यांत नीलपंख नाही, यावरून तो घटतोय का हे ठरवता येतं. म्हणजे या शास्त्राचा पाया जितका दिसलेल्या पक्ष्यांवर, तितकाच न दिसलेल्यांवर. म्हणून आम्ही नवीन मुलांना सांगतो, बाबांनो, कोतवाल लिहा, सातभाई लिहा, साळुंकी लिहा, कंटाळा करू नका.

न दिसण्याचा अर्थ लावण्यात केवढा घोटाळा होऊ शकतो, त्याची एक गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. माळ सोडून क्षणभर सातपुड्याच्या पायथ्याशी जाऊ. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड. १८७३ साली ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे नमुने मोजून सात. त्यांतले काही डेव्हिडसन नावाच्या खानदेशातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं गोळा केलेले, शेवटचा अस्सल नमुना १८८४ चा. त्यानंतर रानपिंगळा कुणालाच दिसला नाही. शंभर वर्षं गेली. नामशेष झाला असावा, असं मानलं जाऊ लागलं. शोध झाले नाहीत असं नाही, झाले. पण मध्ये एक नोंद होती: १९१४ साली गुजरातेत मांडवी इथं रानपिंगळा मिळाल्याची. नोंद करणारे रिचर्ड माइनर्ट्झहागेन, मोठे लष्करी अधिकारी, नाणावलेले पक्षितज्ज्ञ. आप्त म्हणून कुणी शंका घ्यावी असा माणूस नव्हे. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी त्यांचे नमुने तपासायला घेतले तेव्हा उघड झालं, की १९१४ चा तो पक्षी म्हणजे संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना. पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला.

बाईंनी काय केलं, तर ती खोटी नोंद बाजूला काढली आणि अस्सल नमुने जिथून आले होते त्या जागांवर शोध घेतला. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट बरोबर होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा सापडला. दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर बसलेला. ११३ वर्षांनी. घुबड म्हणून कुणी रात्री शोधायला जावं, आणि हा पक्षी दिवसा हिंडणारा! पुढं तोरणमाळला, मेळघाटातही तो सापडला. तो कुठं गेलेला नव्हता. त्या रानातल्या पावरा-भिल्लांच्या डोळ्यांसमोर तो शंभर वर्षं बसलेलाच असणार. त्याचं ‘नसणं’ एका प्रतिष्ठित माणसाच्या शब्दानं आणि भलत्या जागी केलेल्या शोधानं तयार झालं होतं.

आता परत आपल्या रस्त्यावर येऊ, कारण ज्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट इथं आहे.

या रस्त्यानं मोटार घेऊन जाणाऱ्या कुणालाही विचारा, उजव्या हाताला काय आहे? उत्तर ठरलेलं: काही नाही, माळ आहे. कागदोपत्रीही तेच. भारत सरकारचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आहे, पहिल्यांदा २००० साली निघालेला. त्यात झुडपी आणि विरळ झुडपांची जमीन हे पडीक जमिनीचे रीतसर प्रकार आहेत. एकदा पडीक म्हटलं की मग ती ‘उपयोगात आणायची’. कुठं सौर पट्ट्या, कुठं कारखान्यांची वसाहत, कुठं खड्डे काढून झाडं लावायची. झाडं लावण्याला तर कुणी विरोधही करू शकत नाही, कारण झाड म्हणजे पुण्य. पण धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतो. डोंबारी चंडोल आणि माळटिटवीही जमिनीवरच, दोन ढेकळांच्या आडोशाला नाहीतर उघड्यावर. माळावर गर्द झाडी उभी केली की यांचं घर मोडलं. सावलीला बसायला माणसाला जागा झाली, हे खरं.

‘इथं काही नाही’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्याला पुरावा लागत नाही असं आपल्याला वाटतं. ‘इथं धाविक आहे’ म्हणालात तर लगेच फोटो मागतात. ‘इथं काही नाही’ म्हणणाऱ्याकडे कुणी काही मागत नाही. आणि आपल्या मीमांसकांनी तर नेमकं सांगून ठेवलंय, की ‘नाही’ हा दावासुद्धा कमवावा लागतो. कोण पाहायला गेलं होतं? कोणत्या महिन्यात? किती वाजता? काच खाली होती का? दुपारी दोन वाजता ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीतून माळ रिकामाच दिसणार. ती अंधारी खोली आहे.

सोलापूरजवळ नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. गावं, शेतं, शहरं सगळं त्यात आलेलं. लोक वैतागले, खटले झाले, पुढं ते बाराशे-साडेबाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. त्या भानगडीत कोण बरोबर हा वेगळा विषय. पण तिथं एके काळी हमखास दिसणारा माळढोक आता जवळजवळ दिसतच नाही. आणि वर म्हटलं तसं, माळढोकाच्या बाबतीत ‘दिसत नाही’ हे वाक्य वजनदार आहे. लाव्याच्या बाबतीत आपण स्वतःची समजूत घालू शकतो. तिथं नाही.

शेवटी थोडं वहीबद्दल, कारण व्याख्यान संपल्यावर हाच प्रश्न येतो. आमचा रस्ता चार किलोमीटरचा. महिन्यातून दोनदा, उजाडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सुरुवात. वरती तारीख, वेळ, वारा आहे की नाही, ढग आहेत की नाही, किती जण होतो. मग जे दिसेल, ऐकू येईल ते सगळं. भोवत्याची मादी दिसली आणि दोन जातींपैकी कोणती ते ठरेना, तर तसंच लिहायचं: ‘भोवत्या, मादी, जात ठरली नाही.’ संशय हाही न्यायशास्त्रात नोंद घेण्याजोगा पदार्थ आहे, त्याला लाजायचं कारण नाही. जे अपेक्षित होते आणि दिसले नाहीत त्यांची नावं आम्ही पानाच्या उलट बाजूला लिहितो. सरकारी अहवालाला त्याची गरज नसते, आम्हाला असते.

साडेनऊच्या पुढं ऊन चढतं. चंडोल गाणं थांबवून बाभळीच्या विरळ सावलीत चोच उघडी ठेवून बसतात, जमिनीवरून वाफा निघायला लागतात आणि दुर्बिणीतून सगळंच हलायला लागतं. तेव्हा आम्ही वेळ लिहून रेघ ओढतो. परतताना दिसलेलं रेघेखाली लिहितो. परतताना न दिसलेलं लिहीत नाही.